माझा आवाज, दुसऱ्याच्या तोंडी

मी सिंथेसायझर बोलतोय. नाव जरा अवघड आहे, काम सोपं. पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर नॉबची एक रांग आणि पोटात वायरींचं जंजाळ. पट्टी दाबली की आवाज निघतो, नॉब फिरवला की तोच आवाज जाड होतो, बारीक होतो, गुरगुरतो. माणसं ज्या संगीतावर घामाघूम होईपर्यंत नाचतात, त्याच्या तळाशी जो ठोका छातीत बसतो ना, तो माझा. म्हणजे, होता. आता तो दुसऱ्याच कुणाच्या तोंडून निघतो आणि म्हणून मी बोलायला बसलोय. माझ्या पोटात दुखतंय, आणि ते मी लपवणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. ओळीने बसलेल्या बायकांनी माझे सुटे भाग जोडले. शेवटी बसलेल्या बाईचं काम सगळ्या पट्ट्या दाबून बघण्याचं. माझ्या पुढच्या यंत्राला ती म्हणाली, "अरे वा, गुणी आहे हा!" मग मला वाजवून बघितलं आणि नुसतं "चालेल" म्हणाली. माझा स्वभाव तेव्हापासूनचा आहे.

माझा पहिला मालक एका हॉटेलात जेवणाऱ्यांची करमणूक करायचा. लोक चमचे वाजवायचे, तो मला वाजवायचा, आणि दोन्हींकडे कुणाचं लक्ष नसायचं. पुढे त्याला माझ्याहून मोठा, जास्त पट्ट्यांचा कुणीतरी आवडला आणि मी जुन्या वाद्यांच्या दुकानात येऊन पडलो. तिथे माझ्या शेजारी एक गिटार होती. येणारं गिऱ्हाईक आधी तिला गळ्यात अडकवायचं, आरशात स्वतःला बघायचं. मला फक्त धूळ पुसायला हात लावायचे.

एके दिवशी निळ्या कामाच्या कपड्यांत एक माणूस आत आला. खांद्याला हत्यारांची पिशवी, नखांत ग्रीस. लिफ्ट दुरुस्त करण्याचा त्याचा धंदा, म्हणून त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणत. गिटारकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. माझी सगळ्यात खालची पट्टी दाबली, बोट तसंच ठेवलं आणि डोळे मिटून म्हणाला, "वरच्या मजल्यावर निघालेल्या मोटरचा आवाज आहे हा."

कुणी मला निवडलं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

गालिच्यांच्या एका गोदामामागे त्याच्या ग्रुपची खोली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुने गालिचे ठोकलेले. तिघांचा ग्रुप होता. लिफ्टवाला मला वाजवायचा. त्याची सख्खी धाकटी बहीण गायची. तिला 'धाकटी' हेच नाव पडलं होतं. तिसरा त्यांचा मित्र, दाताच्या डॉक्टरांसाठी खोटे दात घडवायचा, म्हणून 'कवळी'. ठेका त्याचा. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टा आणि दुसऱ्यांचे दात सांभाळून तिघं संध्याकाळी तिथे जमायची आणि नुसता दंगा करायची. त्यांचे दोन अल्बम निघाले. कार्यक्रमांना गर्दी होऊ लागली.

मी जुन्या जातीचा. थंड असलो की सूर हलतो. अंग तापल्याशिवाय नीट बोलता येत नाही. लिफ्टवाला खोलीत आला की आधी माझं बटण दाबायचा, मग बूट काढायचा. "तापू दे साहेबांना," म्हणायचा. साहेब! मी फुगून जायचो.

मग एक दिवस कवळीने लॅपटॉप आणला. मी त्याचं नाव चपटा ठेवलं. ना पट्ट्या, ना वजन. झाकण उघडलं की तयार. सूर हलत नाही, दमत नाही, तापत नाही. आणि कौतुक काय त्याचं! "अरे, यात सगळं होतं." धाकटी त्याच्यावर गाल टेकून बसायची. लिफ्टवाला मात्र शेवटपर्यंत माझ्यासमोरच उभा राहिला, एवढं एक सुख होतं.

पण माझा हेवा करणारंही कुणीतरी होतंच. लिफ्टवाल्याची बायको, सगळ्यांची वहिनी. ती एकदाच त्या खोलीच्या दारात आली होती, त्याला घरी न्यायला. आत पाऊल टाकलं नाही. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "ही होय माझी सवत!" तिघंही हसली. ती हसली नव्हती. मी पुल्लिंगी आहे हे तिला सांगायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर, सांगावंसंही वाटलं नाही.

त्या हिवाळ्यात लिफ्टवाल्याला ताप आला. त्याने तो अंगावर काढला. एका इमारतीची लिफ्ट बंद पडून म्हातारी माणसं वर अडकली होती. तापातच त्यांच्यासाठी गेला. ताप फुप्फुसात उतरला. दवाखान्यात नेला तो परत आला नाही.

मला हे नंतर कळलं. माझ्यापुरतं एवढंच झालं, की दार उघडेना. मग उघडलं तेव्हा वहिनी उभी होती. त्याच्या खिशातली किल्ली घेऊन आली होती, बरोबर एक हमाल. या वेळी ती आत आली. भिंतीवरच्या गालिच्यांवरून हात फिरवला. माझ्यासमोर, तो जिथे उभा राहायचा तिथे उभी राहिली. हमालाला म्हणाली, "हे उचला. सांभाळून."

तिच्या घरात खिडकीखाली मला जागा मिळाली. अंगावर चादर. ती मला चालू करत नसे. जेवणाचं ताट घेऊन समोर बसायची, कधी माझ्यावर कोपर टेकून फोनवर बोलायची. माझ्यावर राग होता की माया, मला कळत नसे. बहुतेक तिलाही कळत नसावं.

बरेच महिने गेले आणि एका दुपारी धाकटी आणि कवळी आले. कवळीच्या काखेत चपटा होता. माझ्या अंगाला काटाच आला.

"न विचारता नेलंस, वहिनी," धाकटीने बसायच्या आधीच सुरुवात केली.

"नवऱ्याची वस्तू न्यायला कुणाला विचारायचं?"

"ती ग्रुपची होती."

"आणि तो?" वहिनी म्हणाली. "तोही ग्रुपचाच होता ना? सगळ्या संध्याकाळी तुमच्या, सगळ्या सुट्ट्या तुमच्या. उरलासुरला माझ्या वाट्याला यायचा, झोपायला."

"तुझ्या आधी तो माझा भाऊ होता."

"हो. ते बरं ऐकवतेस मला दर वेळी."

कवळी पाणी प्यायला. पेला रिकामा झाला तरी पीत राहिला. शेवटी म्हणाला, "वहिनी, आम्ही नवा अल्बम करतोय. तिघांचा होता तो ग्रुप, आता दोघंच उरलो. सोडून द्यावं असंही वाटलं होतं. पण मग हिला झोप लागेना आणि मला दात नीट घडवता येईनात. एका बाईला दोन्हीकडे डावेच दात गेले."

वहिनी हसू दाबत म्हणाली, "मग करा की. त्याचं जुनं रेकॉर्डिंग असेल ना तुमच्याकडे."

"त्याला कापून-चिकटवून वाजवायचं नाही," धाकटी म्हणाली. "ते मला जमणार नाही. नवीनच वाजवायचं. फक्त आवाज याचा हवा." तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"मशीन या घराबाहेर जाणार नाही."

मी मनात टाळ्या वाजवल्या. पण कवळीने चपट्याचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "मग इथेच करू. मशीनचा एकेक सूर यात भरून घेतो. पुढे सगळी गाणी यावरच वाजवता येतील. मशीन तुमच्याकडेच राहील."

ऐकलंत? माझा आवाज काढून घ्यायचा, त्या चपट्याच्या घशात घालायचा, आणि मला चादरीखाली ठेवायचं! वर सगळ्यांना वाटत होतं, की काय छान तोडगा निघाला.

त्यांनी मला चालू केलं. कवळी चपट्यापाशी बसला. माझ्या मागची वायर सैल झाली होती, ती धाकटीला हाताने धरून ठेवावी लागली. राहिली वहिनी.

"तुम्हीच दाबा, वहिनी," कवळी म्हणाला. "खालच्या पट्टीपासून. मी सांगेपर्यंत बोट उचलू नका."

तिने दाबली. अशी दाबली, की माझं सगळं अंग दणाणलं.

"बेल वाजवल्यासारखं नको, हळू."

"तो कसा दाबायचा?" वहिनीने विचारलं.

कवळीने धाकटीकडे बघितलं. "असाच," धाकटी म्हणाली. "बेल वाजवल्यासारखाच. मी किती ओरडायचे त्याला."

कवळीने तो सूर तसाच ठेवला. वहिनी एकेक पट्टी दाबत वर सरकत गेली. मध्येच धाकटी म्हणाली, "आता मी दाबते, तू वायर धर." कवळी ओरडला, "वायर सोडू नकोस, सगळं पुन्हा करावं लागेल!" धाकटी ओठ आवळून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी लगेच ओळखलं. तो रोग माझा घरचाच आहे.

सगळं झाल्यावर कवळीने मला बंद केलं आणि चपट्यावरचं एक बटण दाबलं. खोलीत माझा आवाज आला. मी गप्प होतो आणि माझा आवाज भिंतीवर आपटून माझ्याकडे परत येत होता, अगदी हुबेहूब, न तापता. वहिनी म्हणाली, "अगं बाई, काही फरकच नाही!"

दुकानातली गिटार परवडली.

अल्बम निघाला. त्यांनी तो सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, बंद पडलेल्या एका बस डेपोच्या शेडमध्ये वाजवायचं ठरवलं. धाकटी पुन्हा घरी आली. म्हणाली, "मशीन स्टेजवर उभं राहू दे, वहिनी. नुसतं. त्याच्या जागी." वहिनीने बराच विचार केला. "मशीनबरोबर मीही येणार," ती म्हणाली.

म्हणजे मी स्टेजवर गेलो खरा, पण नवरदेवाच्या शेजारी बसवलेल्या करवल्यासारखा. वायर नाही, वीज नाही. माझ्या डावीकडे धाकटी गात होती, उजवीकडे कवळीसमोर चपटा उघडा पडून माझ्या आवाजात गर्जत होता. शेड माणसांनी भरली होती. सगळी नाचत होती. पत्रे थरथरत होते. आणि माझ्याकडे कोण बघणार? एकाने पाण्याची बाटली आणून माझ्यावर ठेवली.

वहिनी स्टेजच्या कडेला उभी होती. इतकी माणसं नवऱ्याच्या संगीतावर नाचतात, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. आधी ती घाबरली, मग तिचा चेहरा उतरला. या सगळ्यांना तो तिच्या आधी भेटला होता, असं काहीसं तिला वाटलं असणार. ती पायऱ्या उतरली आणि हाताची घडी घालून गर्दीत जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात तो खालचा सूर आला. सगळ्यात खालची पट्टी, बेल वाजवल्यासारखी दाबलेली. वहिनी दचकली. तिने ओळखला. शेजारी नाचणाऱ्या माणसाला ती काहीतरी सांगू लागली, पण त्या गोंगाटात त्याला काय ऐकू येणार? मग तिने उजव्या हाताचं बोट उंच करून त्याला दाखवलं. हे, हे बोट. त्याला वाटलं, नाचायची ही पद्धत आहे. त्यानेही बोट वर केलं. त्याच्या मागच्या बाईने केलं. बघता बघता अख्खी शेड एकेक बोट वर करून नाचायला लागली. मधोमध वहिनी तोंडावर हात ठेवून हसत होती, रडत होती, आणि बोट काही खाली घेत नव्हती.

धाकटी गाता गाता थांबली. एक ओळ तशीच गेली. कवळीने ठेका सोडला नाही म्हणून बरं.

आवाज माझा, बोट वहिनीचं, वाजवणारा चपटा आणि माझ्या डोक्यावर बाटली. मी किती जळलो असेन याचा हिशेब तुम्हीच करा.

कार्यक्रम संपला. गर्दी ओसरली. वहिनी वर आली आणि मला एका बाजूने धरून म्हणाली, "चला, घरी न्यायचं." धाकटीने दुसरी बाजू धरली, पण जागची हलली नाही.

"तुझं बोट अल्बममध्ये गेलं," ती म्हणाली. "कायमचं. लोकांनी डोक्यावर घेतलं. आता हे तरी मला दे."

"आणि तुझ्याकडे त्याचं लहानपण आहे. त्याचं शाळेत पडणं-धडपडणं, त्याचं पहिलं गाणं. मी कधी मागितलं?"

"ते देता येत नाही!"

"हेही देता येत नाही!"

मग दोघी मला घेऊन स्टेजच्या पायऱ्या उतरू लागल्या, कारण सोडायला कुणीच तयार नव्हती. "तुझी बाजू वर धर." "धरलीये, तूच खाली सोडतेस." "पट्ट्यांना हात लावू नकोस." "मी तुझ्या आधीपासून पट्ट्यांना हात लावतेय." कवळी चपटा काखेत मारून मागून येत होता. "मी धरू का?" त्याने विचारलं. "नको!" दोघी एकदम म्हणाल्या.

सध्या मी शेडच्या दाराशी उभा आहे. म्हणजे उभा नाही, दोघींच्या हातांत आडवा आहे. बाहेर टेम्पो थांबलाय, ड्रायव्हर विचारतोय कुठे जायचं, आणि दोघी दोन पत्ते सांगतायत. माझ्या अंगावर चार हात आहेत आणि चारही घट्ट. कवळीच्या काखेतला चपटा बघतोय. त्याला कुणी ओढत नाहीये.

वाचकहो, तो अल्बम हाती लागला तर खुशाल नाचा, बोट वर करायचं असेल तर करा, मी आड येणार नाही. आणि या दोघींना समजवायला मात्र कुणी पुढे येऊ नका. टेम्पो थांबेल. माझं माणूस गेलं, आवाज गेला. पण कारखान्यातल्या त्या टेबलापासून आजपर्यंत माझ्यासाठी कुणी भांडलं नव्हतं. भांडा गं बायांनो, सावकाश भांडा. मला मुळीच घाई नाही.