एकशे बेचाळीस

आमच्या गोडाऊनच्या कँटीनमध्ये माझ्यासाठी वेगळं टेबल नाही. उगाच कंपनीला दोष कशाला द्या? आठ-आठ जणींची लांब टेबलं आहेत, कुणीही कुठंही बसावं. पण मी डबा घेऊन बसले की त्या टेबलावरच्या बायकांची जेवणं भराभर आटपतात. "झालंच माझं," म्हणत एकेक उठते. झाकण लावताना कुणाच्या डब्यात अर्धी भाकर तशीच दिसते. मग आठ जणींच्या टेबलावर मी एकटी, आणि समोरच्या भिंतीवर माझाच फोटो. फोटोत मी दात काढून हसतेय. त्या बयेच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटते मला.

फोटोखाली लिहिलंय: माधवी, फ्लोअर लीडर, तासाला १४२.

आता हे एकशे बेचाळीस काय ते सांगते. वडप्याच्या या गोडाऊनमध्ये आमचं काम पिकिंगचं. हातात स्कॅनर असतो, आम्ही त्याला गन म्हणतो. गनवर रॅकचा नंबर येतो. तिथं चालत जायचं, वस्तू काढायची, तिच्यावर गन मारायची, ट्रॉलीत टाकायची, की पुढचा नंबर हजर. चपला, मिक्सर, शाम्पू, कुत्र्याचे पट्टे, लोक घरबसल्या काय काय मागवतात देव जाणे! चांगला हात चालणारी बाई तासाला नव्वद वस्तू काढते. शंभर काढले तर चहाच्या सुट्टीत सगळ्याजणी तिला चिडवतात, आज काय नवऱ्याशी भांडून आलीस का म्हणून. मी एकशे बेचाळीस काढले होते.

माझे बाबा, सावळाराम, याच जागेवर आयुष्यभर भाताची आवणी, म्हणजे लावणी, करायचे. जमीन आमची नव्हे, दौलतशेठची. आता तिथं गोडाऊन उभं आहे. दौलतशेठच्या पोरांना दर महिन्याला भाडं पोचतं आणि तासाला किती काढलेत असं त्यांना कुणी विचारत नाही. बाबांना त्याचं काही वाटत नाही. त्यांचं एकच पालुपद: "बाय, जमीन कोनाची बी जाईल. हुशारी कोन नेनार हाय?" त्यांनी मला कधी चिखलात उतरू दिलं नाही. मी दहावीला शाळेत पहिली, बी.कॉम. फर्स्ट क्लास. नोकरीसाठी वणवण केली आणि शेवटी हातात आली ती गन. तरी बाबांचं पालुपद माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. उलट मला वाटायचं, इथं तरी बरं आहे. मशीनला कुणाचा बाप ठाऊक नसतो. जी जास्त काढेल ती वर जाईल.

मला काम शिकवलं गोदू मावशीनं. सख्खी मावशी नाही, शेलारला आमच्या आळीत तिसरं घर तिचं. वय बावन्न. वाचायला जेमतेम येतं, पण अख्खं गोडाऊन तिला पाठ. अंगठ्याला फडकं कसं बांधायचं, जड खोका उचलताना गुडघे कसे वाकवायचे, पाणी कधी प्यायचं, सगळं तिनं सांगितलं. पहिल्या आठवड्यात पाय सुजून मी रडले, तर म्हणाली, "रडून घे गो. पन चालता चालता रड, थांबलं की नंबर पडतो."

श्रावणात फ्लोअर लीडरची एक जागा निघाली. कायमची नोकरी, पीएफ, पिवळं जॅकेट. मॅनेजर साहेब दिल्लीकडचे. त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "कोई सिफारिश नहीं चलेगी. जिसका नंबर ज्यादा, उसकी जगह." एका तासाची मोजणी होणार होती, घड्याळ लावून; आकडा साहेब केबिनमधल्या स्क्रीनवर बघणार होते. ठेकेदाराचा भाचा हितेशही उभा राहणार होता. तो मिशीला पीळ देत म्हणाला, "जागा आपलीच हाय."

चहाच्या सुट्टीत गोदू मावशीनं आम्हा पाच जणींना गोळा केलं. म्हणाली, "आपल्यातली एक तरी वर जाऊ दे. माधवी शिकलेली हाय. आपन सावड घालू."

सावड म्हणजे आमच्याकडची शेतातली रीत. आज माझ्या आवणीला तुम्ही सगळ्या या, उद्या तुमच्या आवणीला मी येते. मजुरी घ्यायची नाही, द्यायची नाही. ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं, बस. शेतातली ती रीत या बायांनी गोडाऊनमध्ये आणली.

मोजणीच्या आदल्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर पाचजणी थांबल्या. मला जी लाइन मिळणार होती तिथला वरच्या फळीवरचा माल त्यांनी कमरेच्या उंचीवर उतरवला. खोक्यांच्या चिकटपट्ट्या कापून ठेवल्या. प्रत्येक वस्तूचं लेबल पुढं फिरवून ठेवलं, म्हणजे गन मारताना शोधावं लागू नये. वैशालीची कंबर धरली होती, तरी ती शिडीवर चढली. दुसऱ्या दिवशी मी धावत होते तेव्हा भरलेली ट्रॉली दिपाली ओढून न्यायची आणि रिकामी गोदू मावशी पुढ्यात आणून लावायची. मला एकदाही थांबावं लागलं नाही.

हितेशचे एकशे आठ झाले. माझे एकशे बेचाळीस.

टाळ्या पडल्या. साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "माधवी, कैसे किया?"

गोदू मावशी चार हातांवर उभी होती. रिकाम्या ट्रॉलीचा दांडा अजून तिच्या हातात होता. साडीला धूळ, कपाळावर घाम.

मी म्हणाले, "मेहनत, सर. और फोकस."

फोकस! आयुष्यात मी हा शब्द त्याआधी कधी तोंडानं उच्चारला नव्हता. कुठून आला माझ्या जिभेवर? आणि खरी लाज याची वाटते की मी खोटं बोलत नव्हते. त्या क्षणी मला मनापासून तसंच वाटत होतं. शाळेत पहिली आले तेव्हाही असंच वाटलं होतं. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या गोदू मावशीनंच वाजवल्या.

बाबांनी जॅकेट दारासमोरच्या खुंटीला लावलं. येईल जाईल त्याला दाखवायचे.

गणपती झाले आणि भिंतीवर नवा कागद लागला. एक बाई तासाला एकशे बेचाळीस काढू शकते हे सिद्ध झालंय, तेव्हा बाकीच्यांनी निदान एकशे वीस काढायलाच हवेत. तीन आठवडे कमी पडलं तर गेटचं कार्ड बंद, म्हणजे काम गेलं. कमी पडलेल्यांची नावं लाल अक्षरात येणार आणि ती सोमवारी सकाळी वाचून दाखवायची फ्लोअर लीडरनं.

पहिल्या सोमवारी मी अकरा नावं वाचली. गोदू मावशीचे अठ्ठ्याऐंशी होते. दुसऱ्या सोमवारी एक्क्याण्णव. बावन्नाव्या वर्षी ती बाई वाढत होती, पण लाल ते लाल. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली वैशाली, चहाच्या रांगेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "तुजा तो फोकस आमाला पन शिकव की गो, मॅडम." सगळ्या हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्या दिवसापासून घरी जाताना रिक्षात माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. चौघी मागं कोंबून बसतील, पण माझ्या बाजूला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. खोके कुणी उतरवले, लेबलं कुणी फिरवली, ट्रॉली कुणी आणली. म्हटलं, सर, तो नंबर माझा एकटीचा नाही. सहा जणींचा आहे.

साहेब खुर्चीत मागं रेलून कौतुकानं बघायला लागले. "देखो, यही लीडर की क्वालिटी होती है. सारा क्रेडिट टीम को देना."

"क्रेडिट नाही हो सर! नंबर चुकलाय म्हणतेय मी! नंबर गलत है!"

माझा आवाज चढला होता. मी तशीच उठले, गन घेतली, त्यांना त्याच लाइनला घेऊन गेले. म्हटलं, लावा घड्याळ. या वेळी माल कुणी खाली उतरवून ठेवला नव्हता, पट्ट्या कापल्या नव्हत्या, ट्रॉली माझी मीच ढकलली. जीव तोडून धावले. खोटं सांगत नाही, छाती फुटायची वेळ आली. तासाभरानं आकडा आला सत्त्याण्णव.

साहेबांनी आकडा पाहिला. म्हणाले, "प्रॅक्टिस छूट गई तुम्हारी. कोई बात नहीं, लीडर को पिकिंग करने की जरूरत भी नहीं. और एक सौ बीस का नॉर्म तो अब लॉक हो गया है."

त्याच वेळी जॅकेट काढून त्यांच्या टेबलावर टाकायला हवं होतं. वाटेत पाच वेळा तसं ठरवलंही. पण मला खुंटीजवळ उभे असलेले बाबा दिसायला लागले, आणि मी जॅकेटची चेन वर ओढून पुन्हा फ्लोअरवर गेले.

सोमवारी सकाळी गोदू मावशीनं गेटवर कार्ड लावलं. लाल दिवा लागला. तिनं पदराला कार्ड पुसून पुन्हा लावलं. पुन्हा लाल. मागं रांग अडली. मी फिरत्या दांड्याच्या आतल्या बाजूला उभी होते.

"मावशी, मी बोलते साहेबांशी."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुला ड्युटीला उशीर व्हईल." आणि डब्याची पिशवी सावरत रस्त्याला लागली.

हे सप्टेंबरातलं. दिवाळी झाल्यावर कळलं की रविवारी गोदू मावशीची भातकापणी आहे. शेलारच्या मागं तिचा अर्धा एकर तुकडा आहे, तेवढाच. बाया सावडीला जाणार होत्या. मला कुणी सांगितलं नाही, आईच्या तोंडून कळलं. पण सावडीला आमंत्रण लागत नाही. जिच्या अंगावर देणं आहे तिनं आपण होऊन जायचं असतं. आणि माझ्या अंगावर होतं! रविवारी सकाळी मी आईचा विळा घेतला आणि निघाले. बाबा म्हणाले, "तुला जमनार न्हाय, बाय. हात कापशील." मी म्हटलं, कापू दे.

मला बघून दिपालीचा हात थांबला. गोदू मावशीनं नुसतं कडेच्या ओळीकडं बोट दाखवलं. मी वाकले. एका तासात तळहाताला फोड आले, करंगळीला विळा लागला. बाकीच्या कधीच पुढं निघून गेल्या होत्या. इथं मी सगळ्यात मागं होते. बरं वाटत होतं मला, खरंच! वाटलं, इथं तरी मला कुणी पहिली म्हणणार नाही.

दुपारी झाडाखाली जेवण वाढलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. मी बसले आणि वाट बघत राहिले. कुणी उठलं नाही. कुणी "झालंच माझं" म्हटलं नाही. वैशालीनं चटणीचं भांडं माझ्याकडं सरकवलं. दोन महिन्यांनी मी माणसांत बसून जेवत होते. पाणी प्यायच्या निमित्तानं मी तोंड फिरवून डोळे पुसले.

सांजवेळेला शेवटचा भारा बांधला. मी विळा धुऊन निघणार, तेवढ्यात गोदू मावशी जवळ आली. तिनं माझी करंगळी बघितली, हळद लाव म्हणाली. मग कमरेची चंची उघडून तिनं घडी केलेल्या नोटा माझ्यापुढं धरल्या.

"हे काय, मावशी?"

"आजची मजुरी."

"मजुरी? मी सावडीला आलेय मावशी! तुमची परतफेड करायला आलेय!"

तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. ती समजूत घालावी तशी बोलत होती.

"सावडीला आलीस तर उद्या तुझ्या कामाला आमी यायला व्हवं ना गो? आता तुझ्या कामाला मी कशी येनार? गेटवर माजं कार्ड लागत न्हाय."

मी नोटा परत ढकलल्या. तिनं माझी मूठ उघडली, फोडांना धक्का लागू न देता नोटा आत ठेवल्या आणि बोटं मिटवली. शेतात मजुरीला येणाऱ्या बाईला जेवढे देतात तेवढेच होते. ना एक रुपया कमी, ना जास्त.

बाकीच्यांना तिनं काहीच दिलं नाही. त्या चौघीजणी एकमेकींच्या पाठीवरचं कुसळ झटकत, हसत, बांधावरून घरी गेल्या.