मोगरीचा पट्टा

संचिताताई देवळाच्या पायऱ्या उतरताना दिसल्या तसा जयाने मोगरीच्या गळ्यातला घुंगरांचा रुंद पट्टा वर ओढला. जबड्याखाली लोंबणारी सूज पट्ट्याआड गेली. मोगरीने मान झटकली, घुंगरं वाजली, आणि शेजारच्या फुलवाल्याला वाटलं, गाय आज मजेत आहे.

डोंबिवली पश्चिमेच्या या देवळाबाहेर जया गेली अकरा वर्षं गाय घेऊन बसत होती. लोक देवदर्शन करून येत, तिच्याकडून गवताची पेंडी घेत, मोगरीला भरवत, पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावत आणि ऑफिसला जात. दुपारी मोगरी कोपरला खाडीच्या काठी चरायची. तिथलंच गवत जयाचा नवरा काळुराम पहाटे कापून आणायचा. कधीकाळी तिथे त्याच्या बापाची भातशेती होती. आता उरली होती टॉवरांच्या कुंपणाला लागून एक ओली पट्टी, आणि ती तरी कोणाच्या नावावर होती कोण जाणे.

मोगरी महिनाभर पातळ हगत होती. बरगड्या दिसायला लागल्या, मग जबड्याखाली पाण्याची पिशवी धरली. शेवटी जयाने शेण एका डबीत भरून गुरांच्या दवाखान्यात नेऊन दिलं. काल डॉक्टर कृतिका स्वतः गोठ्यावर आल्या. कोवळी पोर, पण गुरात हात घालायला कचरत नव्हती. म्हणाल्या, यकृतात चपटे जंत झालेत. डबक्यातल्या बारक्या गोगलगायींमधून त्यांची पिल्लं बाहेर पडतात, पाण्याकाठच्या गवताला चिकटून बसतात, आणि गवताबरोबर गुराच्या पोटात जातात.

काळुरामला हे झोंबलं. "आमच्या बापजाद्यांची गुरां हितंच चरली, डॉक्टरीनबाय. एकाला कवा काय झाला नाय."

"तेव्हा भरतीचं खारं पाणी आत येत असेल, काका. त्यात या गोगलगायी जगत नाहीत. आता भराव पडलाय, नाल्याचं पाणी साचून राहतं."

काळुराम गोणपाट झटकत राहिला. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, पेंड्या दुपारपर्यंत इतक्या टवटवीत कशा राहतात? यावर मात्र तो खुलला. ही त्याची स्वतःची युक्ती होती. कापलेली प्रत्येक पेंडी तो तिथल्याच साचलेल्या डबक्यात चांगली बुचकळून काढायचा आणि मगच गोणपाटात गुंडाळायचा. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

औषध त्यांनी पाजलं. जाताना जयाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, औषधाने आत्ताचे जंत मरतील. पण हेच ओलं गवत पोटात जात राहिलं तर पुन्हा होतील, आणि पुढच्या खेपेला तिचं यकृत सोसणार नाही. फक्त सुका पेंढा घाला."

जयाने मान हलवली. मान हलवायला काय जातं?

आज बुधवार. बुधवारी गाईला हिरवं घातलं की ग्रह निवळतात असं कोणी कोणी लोकांना सांगितलेलं असतं, त्यामुळे बुधवारची गर्दी दुप्पट. जयाने हट्टाने पेंढ्याच्या जुड्या मांडल्या. काळुरामने हिरव्या पेंड्याही आणून टेकवल्या, त्या तिने गोणपाटाखाली दडवल्या. दोन तासांत एकानेही जुडी घेतली नाही. एक आजोबा तर जाता जाता शिकवून गेले की बुधवारी हिरवंच घालायचं असतं, एवढंही तुला ठाऊक नाही का. गाय आजारी आहे असं सांगायची सोय नव्हती. आजारी गाय देवळाच्या दारात कोण उभी करू देईल? आणि इथून उठलं तर गुडघे दुखणाऱ्या नवऱ्याला घेऊन जायचं कुठे? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे खुंट्याला बांधलेली मोगरी. जयाला तिची दया येत होती आणि स्वतःची चीडही.

संचिताताई समोर आल्या. हा त्यांच्या नवसाचा अकरावा बुधवार. त्यांच्या लेकीची, रुचिताची, दोन बाळंतपणं वाया गेलेली. आता तिसऱ्या खेपेला आठवा लागला होता. दर बुधवारी जया तिची चौकशी करायची, आणि ती तोंडदेखली नसायची.

"पेंढा काय गं आज?" असं म्हणत त्यांनी स्वतःच गोणपाट उचललं आणि एक हिरवी पेंडी हातात घेतली. तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

"ताई, आज नको."

"का?"

"पोट भरलंय तिचं."

हे ऐकायला जणू मोगरी थांबलीच होती. तिने मान लांब केली आणि पेंडीकडे जीभ काढली. संचिताताई हसल्या.

"बघ, तिलाच हवंय. शेवटचा बुधवार आहे, जया. माझ्या पोरीसाठी आहे गं."

जयाने तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं, जंत, डबकं, डॉक्टर. पण समोर त्या बाईचे डोळे भरले होते, आणि जयाने तोंड मिटलं. मोगरी मुकाट खात राहिली. पुण्य ताईंचं आणि जंत मोगरीचे, अशी सरळ वाटणी होती.

मग संचिताताईंनी दोन्ही हात मोगरीच्या गळ्यात घातले. पट्टा खाली घसरला. त्यांनी डोळे मिटून कपाळ नेमकं त्या सुजेवर टेकवलं आणि तसंच राहू दिलं.

"किती मऊ आहे गं हिचा गळा," त्या म्हणाल्या. "आईच्या कुशीत शिरल्यासारखं वाटतं."

ताई डोळे पुसत निघून गेल्या, तशी जया उठली. मोगरीच्या जबड्यात हात घालून, दातांमध्ये उरलं होतं तेवढं गवत तिने काडी काडी ओढून काढलं. मोगरीने काढू दिलं. जयाने ओला हात पदराला पुसला आणि पट्टा पुन्हा वर सरकवला.

पायऱ्यांवरून कोणीतरी उतरत होतं. मोगरीने मान लांब केली.