सुभद्राबाईला ओळखणारी पेटी

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. भाईदास भगत शेंदूर फासलेल्या लाकडी पेटीवर नुसता हवेत हात फिरवी आणि पेटी बाईसारखी विव्हळे. हात जवळ गेला की किंकाळी, लांब गेला की हुंदका.

"हात लावला? नाही! आत बिजली नाही, मशीन नाही! साडेतीन पीठं सोडून माता खास सुरतला उतरली आहे! डाकीण समोर बसली की रडते!"

गल्लीतल्या दगाची लहानगी मुलगी योगिता तापानं फणफणत होती. डाकीण सापडायलाच हवी होती. एकेक बाई समोर बसून गेली. पेटी गप्प. शेजारच्या विधवा सुभद्राबाईला मात्र भगत म्हणाला, "आजी, जरा पुढं सरक."

ती सरकली. पेटी किंचाळली.

याच योगिताला सुभद्राबाईनं पहिली अंघोळ घातली होती. "माले सोडा रे!" ती ओरडत राहिली. बायकांनी तिला आडवं पाडलं. केसांवर कात्री चालवली ती योगिताच्या आईनं, कवितानं.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या विज्ञानाच्या जयश्रीबाई आल्या. बोडक्या डोक्यावर पदर ओढून बसलेल्या सुभद्राबाईला त्यांनी हाताला धरून बाहेर आणलं.

"भगत, कालच्या जागी आज तुम्ही बसा."

"माता कोपेल!"

"बघू तरी, डाकीण कोण ते."

लोक हसले, भगताला त्यांनी ढकललंच. पेटी किंचाळली. जयश्रीबाईंनी चटई उचलली. खाली तांब्याची तार, थेट पेटीत गेलेली. पेटीत सेल आणि सर्किट. मग त्यांनी पिशवीतून दोन रेडिओ काढले, शेजारी ठेवून दोन्हींची मिळून निघणारी शिट्टी जुळवली आणि हात न लावता, नुसता पुढंमागं करत अंगाईची ओळ वाजवली.

"अंग जवळ आलं की विजेची कंपनं बदलतात, सूर चढतो. इथं म्हैस बसवली तरी माता रडेल!"

लोक भगतावर तुटून पडले. हात कालचेच होते. सुभद्राबाईनं डोळे मिटून घेतले.

"अरे, पोर कुठं आहे?" जयश्रीबाई ओरडल्या.

सगळे तिला विसरले होते. दगानं रिक्षा गाठली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मलेरिया मेंदूत गेला. काल का नाही आणलं?" संध्याकाळी पोर गेली.

कविता सुभद्राबाईच्या पायांवर कोसळली. "आजी, भगतानं फसवलं हो!"

"पेटीमा तार व्हती, समजनं," सुभद्राबाई म्हणाली. "पन तुना हातमा कात्री कोनी दिनी?"

दारातल्या माणसांकडे वळून जयश्रीबाई म्हणाल्या, "पेटी का वाजते ते एखाद्याला कळणार नाही. त्यात पाप नाही, विचारा. पण उत्तर मिळेपर्यंत कुणाच्या अंगाला हात लावू नका. आणि तापलेलं पोर आधी दवाखान्यात न्या."