शिवणीवरचे केस

मास्टरांनी आयुष्यभर कात्री चालवली आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या हातात माऊस आला. कंपनीने कटिंगची खोली बंद केली होती. कोट आता आधी कॉम्प्युटरवर शिवायचा आणि गिऱ्हाइकाला पडद्यावरच दाखवायचा, असं ठरलं होतं. मास्टरांना तीन महिन्यांची मुदत मिळाली. कॉलरला आणि बाह्यांना फर असलेला एक कोट पडद्यावर खराखुरा दिसला तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसा.

कोट झकास बसला, पण फरने मास्टरांच्या नाकी नऊ आणले. केसांची लांबी, दाटी, कल, सगळ्याला एकेक पट्टी. सरकवली की केस वाढतात. अहो, डोक्यावर असं जमलं असतं तर मास्टरांनी टोपी कशाला घातली असती! पहिल्यांदा कॉलर भिजलेल्या मांजरासारखी दिसली, मग बाटली धुवायच्या ब्रशसारखी. शेवटी जमली. पण दोन तुकडे जोडले होते तिथे टकलाची सरळ रेघ! दाटी वाढवली तर रेघेच्या दोन्ही अंगांना रान माजलं आणि रेघ आणखीच उठून दिसायला लागली.

"काका, ही रेघ गेली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बघणारसुद्धा नाही," त्यांची वरिष्ठ म्हणाली. मास्टरांच्या मुलीच्या वयाची पोरगी, बोलायला गोड, कामाला खमकी. "शुक्रवारी ते येतायत."

बुधवारपर्यंत मास्टरांनी हात टेकले होते. त्यांची बायको त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर कामाला होती. बाहेरून कापून आणलेले नमुन्याचे खरे कोट शिवून झाले की शेवटचा हात तिच्या टेबलावर फिरायचा. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन वर आली, तर नवरा पडद्याला शिव्या घालत होता.

"आधी जेवा. ओरडून केस उगवत नाहीत," ती म्हणाली आणि पडद्यापाशी वाकली. "हे शिवणीत अडकलेत."

"अगं, हे कॉम्प्युटरवरचं आहे. इथे कसले अडकतायत!"

"दिसतायत तर तसेच. माझ्याकडे रोज असेच येतात. सुईच्या टोकाने एकेक ओढून काढायचा, दोन्हीकडचे एकमेकांवर तिरपे टाकायचे. सगळे नाही हं. दहातला एखादा आतच राहू द्यायचा, नाहीतर न्हाव्याकडून आल्यासारखं दिसतं." तिने पडद्यावरचा कोट वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतला. मग म्हणाली, "करून बघा."

पंचवीस वर्षांच्या संसारात मास्टरांना हे ठाऊकच नव्हतं. आपण कापलेल्या कपड्याचं पुढे काय होतं, हे त्यांनी कधी विचारलं असेल तर शपथ. त्यांनी दोन्हीकडचे केस शिवणीवर तिरपे आणले, दहातला एक आत दाबला. रेघ गायब!

शुक्रवारी गिऱ्हाइकाने कोट उलटसुलट फिरवून पाहिला आणि विचारलं, "शिवलेला कुठे ठेवलाय?" सगळे हसले. गिऱ्हाईक गेल्यावर वरिष्ठ म्हणाली, "काका, तुम्ही कायम! आता खरे नमुने शिवायलाच नकोत. हा कोट पास झाला तर खालचं टेबल बंद करायचं, असं ठरलंच होतं."

मास्टर तडक जिना उतरले. बायको एका कोटाच्या बाहीवर सुई घेऊन बसली होती.

"पास झाला," ते म्हणाले.

"वा! सुटलात एकदाचे."

"तुझं टेबल बंद करतायत."

"माहीत आहे. मला सोमवारीच सांगितलं त्यांनी."

मास्टरांचा पारा चढला. "सोमवारी? आणि बुधवारी मला शिकवायला आलीस? गप्प बसली असतीस तर कोट नापास झाला असता, तुझं काम राहिलं असतं!"

"आणि तुम्ही घरी." तिने एक केस ओढून काढला. "मला सुई कोणीही देईल. तुमच्या हातात या वयात माऊस कोण देणार होतं?"

मास्टरांना तिचा राग आला होता आणि स्वतःची लाजही वाटत होती. ते बाजूच्या स्टुलावर बसले.

"बसलाच आहात तर ही बाही ताणून धरा," ती म्हणाली.

त्यांनी धरली.