पोटातलं टिचबटण

मित्रांनो, मी एक जुना अकॉर्डियन आहे. नाव जड वाटत असेल तर भात्याची पेटी म्हणा, माझी काही हरकत नाही. फक्त 'डबडं' म्हणू नका. तो शब्द मी एकदा ऐकला आहे आणि तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. माझ्या उजव्या अंगाला पांढऱ्या-काळ्या पट्ट्या आहेत, डाव्या अंगाला बटणं आणि मधे घड्याघड्यांचा भाता. भाता ओढला की मी श्वास घेतो, दाबला की सोडतो, आणि गातो मात्र दोन्ही वेळा. तुमच्यापैकी कुणाला जमतं का हे?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझ्या पोटातल्या धातूच्या पात्या कानसेने घासून घासून एकेक करून सुरात लावल्या. पुढे मी एका वाद्यवृंदात गेलो. त्या मंडळींचे कोट एक शिंपी शिवायचा. वाद्यवृंद मोडला तेव्हा म्होरक्याने मला त्या शिंप्याच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "तुझा कोट घालूनच मी याला वाजवायचो. आता हा तुझ्याकडेच राहू दे."

मला वाटलं, झालं, संपलं आपलं! शिंप्याला काय कळणार सूर? पण मित्रांनो, त्या माणसाचे हात तुम्ही पाहायला हवे होते. कापडाला नुसता अंगठा लावून तो सांगायचा, हे धुतल्यावर किती आटेल. तसंच त्याने मला चाचपून पाहिलं, घाई केली नाही. त्याची बायको खिडकीशी बसून काजी करायची, म्हणजे बटणांची भोकं दोऱ्याने बांधायची, आणि काम करता करता एक चाल गुणगुणायची. शब्द नव्हतेच त्या चालीला. शिंप्याने ती चाल ऐकून ऐकून माझ्या पट्ट्यांवर बसवली. संध्याकाळी दुकानाचं दार लोटलं की तो मला छातीशी घ्यायचा. मोठमोठ्या मंचांवर वाजलोय मी, पण इतक्या सुखात कधी वाजलो नव्हतो.

त्यांना एक मुलगी होती. आईच्या पायाशी कापडाच्या कातरणांत बसून खेळायची. राग अगदी नाकावर. बिनसलं की जीभ टाळ्याला लावून 'टिच्' असा आवाज करायची आणि तोंड घट्ट मिटून घ्यायची. मग कुणाची बिशाद होती ते उघडायची!

एकदा माझ्या भात्याचा पट्टा तुटला. भाता मिटला की तो पुन्हा उघडू नये म्हणून वरून चामड्याचा पट्टा लावतात ना, तो. शिंप्याने नवा पट्टा कापला, त्याला टिचबटण लावायला घेतलं आणि जास्तीचं एक मुलीच्या मुठीत दिलं. "नीट धर गं," म्हणाला. पोरीने धरलं, जरा वेळ धरलंही. मग माझ्या पट्ट्यांमधल्या फटीत ते नेमकं मावतं की काय, हे तिला बघावंसं वाटलं. मावलं. आत गेलं ते गेलंच. तेव्हापासून माझी एक पट्टी खालीच जात नाही. दाबा, ठोका, विनवण्या करा, ती मुकी ती मुकीच.

आणि नेमका तोच सूर त्या चालीत होता! त्या संध्याकाळी वाजवताना शिंपी तिथवर आला, पट्टी दबेना, चालीला मधेच भोक पडलं. क्षणभर तो बावचळला आणि मग त्याने तोंडानेच तो सूर भरला, "पों!" अगदी सुरात. मुलगी हसून हसून कातरणांत लोळली. आईने काजी खाली ठेवली आणि तीही डोळे पुसेपर्यंत हसली. "माझ्या पेटीत टिचबटण, माझ्या घरात टिचबटण!" शिंपी म्हणाला. मुलीचं नाव तेच पडलं. दुरुस्तीवाला गावाबाहेर होता, न्यायचं न्यायचं म्हणत राहून गेलं. पुढे तर कुणाला न्यावंसंच वाटेना. चालीत तो सूर आला की बाप म्हणणार 'पों' आणि लेक हसणार. मोठी झाल्यावर ती माझ्यावर वाजवायला शिकली, तेव्हाही ती तिथे थांबायची आणि शिवणयंत्रावरचा पाय न थांबवता बाप आपला सूर द्यायचा. मला मात्र राग यायचा. वाद्य मी, आणि माझ्या वाटचा सूर हा माणूस खातो!

मग आई गेली. आजार लांबला नाही. घर असं काही गप्प झालं की यंत्राची टकटकसुद्धा मोठी वाटायची. थोड्याच दिवसांनी एका दुपारी मुलीने मला मांडीवर घेतलं आणि आईची चाल सुरू केली. डोळे कोरडे, ओठ मिटलेले. मी तिच्या छातीशीच होतो, म्हणून सांगतो, आतून ती पोर थरथरत होती. पण बापाला ते दिसलं नाही. तो यंत्रावरून ओरडला, "आईला जाऊन आठवडा नाही झाला आणि तू वाजवत बसतेस? लाज नाही वाटत?"

ती थांबली. "बरं. बंद केलं," म्हणाली. "सगळंच बंद केलं." माझा पट्टा ओढून तिने बटण दाबलं. टिच्! मला कापायच्या टेबलावर ठेवून ती घराबाहेर पडली, ती परत आली नाही. दुसऱ्या शहरात बस चालवते, एवढंच पुढे कानावर आलं. शिंपी त्या दिवशी उंबऱ्यापर्यंत गेला होता. "थांब" म्हणायला तोंडही उघडलं होतं त्याने. पण ताठा आडवा आला. त्याने मला एका जुन्या कोटात गुंडाळलं आणि कपाटावर टाकलं.

मित्रांनो, कपाटावरून जग फार धुळकट दिसतं. माझा भाता एका घडीत उसवला. खाली शिंपी म्हातारा झाला. आधी तो कात्री कुठे ठेवली ते विसरायचा, मग माप विसरायला लागला, मग माणसं. त्याची धाकटी बहीण त्याच्याजवळ येऊन राहिली, तर तिलाच म्हणायचा, "बाई, माप द्यायला आलात का?" ती बिचारी रोज म्हणायची, "नाही रे दादा, जेवायला वाढायला आलेय."

शेवटी आत्याने भाचीला फोन केला. आणि ती आली! मी वरून पाहिलं. खांदे रुंद झालेले, केसांत पांढऱ्या बटा, पण ओठ तसेच मिटलेले.

"दादा, बघ कोण आलंय! तुझी टिचबटण आलीय!" आत्या म्हणाली.

शिंप्याचा चेहरा उजळला. तो लगबगीने उठला, बटणांचा डबा शोधून आणला आणि लेकीसमोर उघडला. "काळी हवीत की पांढरी?"

आत्याने तोंडाला पदर लावला. लेक मात्र धीराची. "पांढरी द्या," म्हणाली आणि तिने हात पुढे केला. बापाने तिच्या तळहातावर टिचबटणं मोजून ठेवली. ती मूठ तिने बराच वेळ उघडली नाही. नंतर स्वयंपाकघरात ती आत्याला म्हणाली, "मला माफी नको आत्या, काही नको. जाण्याआधी एकदा त्यांनी मला नावाने हाक मारावी. बस्स, एवढंच." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला परतायचं होतं.

सकाळी आत्या कपाट आवरायला चढली. "हे डबडं टाकून देऊ का गं?" हाच तो शब्द! पण लेकीने मला असं काही झडप घालून घेतलं की माझा सगळा राग विरघळला. तिने कोट सोडवला, धूळ पुसली, बटण उघडलं. भाता ओढला तर उसवलेल्या घडीतून नुसता फुसफुस वारा. तेवढ्यात शिंपी जवळ आला. माझ्या फाटक्या घडीवरून त्याने अंगठा फिरवला. "बाई, हे अस्तराने धरेल. ठेवून जा, करून देतो." स्वतःच्या लेकीला न ओळखणाऱ्या त्या माणसाने अस्तराचा तुकडा बरोब्बर तिरका कापला, खळ लावली, कडा दुमडून चिकटवल्या आणि घडी नखाने बसवली. हात कुठे अडला नाही की चाचरला नाही. धन्य ते हात! मी पुन्हा श्वास घेतला.

खळ वाळली तशी लेकीने मला मांडीवर घेतलं. बोटं तिचीही अडखळत होती, पण चाल सापडली. मुकी पट्टी जवळ आली. तिने दाबली. गप्प.

"पों!"

खुर्चीतून आला तो सूर. अगदी जागेवर, अगदी सुरात. शिंपी स्वतःच दचकला. लेकीने पुन्हा वाजवलं, पुन्हा 'पों'. ती हसायला लागली आणि हसता हसता तिला हुंदका फुटला.

"छान वाजवता हो, बाई," शिंपी म्हणाला. "माझ्या मुलीलाही येतं हे. पण ती इथे नसते."

तिचा हात पट्ट्यांवरच राहिला. "कुठे असते?"

"रागावून गेली. मीच ओरडलो तिच्यावर. तिची आई गेली होती आणि ती वाजवत होती." तो माझ्या पट्ट्यांकडे बघत होता. "रडत होती ती, बाई. ते तिचं रडणंच होतं. मला मेल्याला कळलंच नाही."

"ती आली तर तिला काय सांगू?"

शिंप्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतलं सगळं पुसून गेलं होतं. "कुणाला?" त्याने विचारलं.

निघायची वेळ झाली होती. बॅग दाराशीच होती. लेकीने माझा भाता हळूहळू मिटला, पट्टा ओढला आणि बटण दाबलं.

टिच्!

शिंपी ताडकन उठला. खुर्ची मागे सरकली. उंबऱ्यापाशी तेव्हा घशात अडकलेलं सगळं एकदम वर आलं बहुतेक.

"टिचबटणा, थांब! बंद कशाला केलंस गं? वाजव की. मी नाही ओरडणार."

'बाई' गेलं, 'तुम्ही' गेलं! मित्रांनो, माझ्या पोटात शेकडो पात्या आहेत, पण त्या हाकेइतका गोड सूर त्यातल्या एकीतही नाही. "बाबा," एवढंच ती म्हणू शकली. आम्हा दोघांना त्याने एकदमच मिठीत घेतलं, त्यामुळे माझ्या बऱ्याच पट्ट्या दाबल्या गेल्या, पण त्या वेळी कुणाला माझी काळजी होती!

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा 'बाई' म्हणाला, हे मी लपवत नाही. पण त्या संध्याकाळी ती गेली नव्हती, आणि आता सुट्टी असली की ती येतेच. बटण उघडते. टिच्! कधी हाक येते, कधी "काळी हवीत की पांढरी?" येतं. ती दोन्हीला ओ देते. परवा तर चाल त्या जागी आली आणि खुर्चीतून काहीच आलं नाही. लेक थांबली, वाट पाहिली, आणि मग तिने स्वतःच सूर भरला, "पों!" म्हातारा असा हसला, असा हसला, की कातरणांत लोळणारी ती पोर मला आठवली.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी कपाटावर पडलं असेल, तर त्याला खाली काढा. पुसा, ओलीपासून जपा, उसवलं असेल तिथे अस्तर लावा. मीही एरवी दुरुस्तीला नाही म्हणत नाही. पण माझी ती मुकी पट्टी कुणी मोकळी करायला आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो सूर माझा नाही. तो त्या दोघांचा आहे.