फुंकरबाबांची ज्योत

कोणाचा विश्वास बसणार नाही, पण शहराच्या टोकाला एक माणूस नुसत्या फुंकरीने आग पेटवत असे. तीही भिंतीपलीकडची.

त्याला म्हणत फुंकरबाबा. भिंत होती मैलापाणी शुद्धीकरण केंद्राची. दर बुधवारी संध्याकाळी भाविक नाकाला रुमाल लावून जमत. बाबा डोळे मिटून बसत, मग एकदम गाल फुगवत, आणि पलीकडच्या चिमणीच्या टोकाला भडाभडा ज्वाला उठे.

"ना लाकूड, ना तेल! माझ्या तपावर जळते ती!" बाबा गरजत. "दर्शन घ्या, औषधं फेका!"

केंद्रातल्या इंजिनिअरबाईंच्या सासूबाईंनी खरोखरच फेकली. रक्तदाबाच्या गोळ्या, पाकिटासकट. आता त्या जिना चढताना कठडा धरून थांबत होत्या, आणि सुनेचा जीव टांगणीला लागला होता.

"आई, ती आमची चिमणी आहे. मैला बंद टाकीत कुजतो, त्याचा गॅस होतो. त्या गॅसवर इंजिन चालतं, वीज बनते. बुधवारी तेल बदलायला इंजिन थांबवलं, की गॅस चिमणीत जाळून टाकतो. धडधड थांबली की बाबा गाल फुगवतात, एवढंच."

"म्हणजे ज्योत माझ्या संडासातून येते?"

"तुमच्या एकटीच्या नाही. सगळ्यांचा हातभार आहे."

सासूबाईंना ते काही पटेना. शेवटी सूनच म्हणाली, "बुधवारी मीही येते. मी ओढणी हलवेपर्यंत मेकॅनिक इंजिन थांबवणार नाही. तरी बाबांच्या फुंकरीने ज्योत आली, तर पुन्हा गोळ्यांचं नाव काढणार नाही."

"आणि नाही आली तर?"

"तर डोकं चालवायचं. बाबांचं नव्हे, आपलं."

बुधवारी बाबा डोळे मिटून बसले ते बसलेच. पलीकडे इंजिन मजेत धडधडत होतं.

"बाबा, फुंका की!" मागून कोणीतरी ओरडलं.

नाइलाजाने बाबांनी फुंकलं. पुन्हा फुंकलं. चेहरा वांग्यासारखा झाला. चिमणी ढिम्म.

"तुमच्यात कोणीतरी शंकेखोर आहे!" बाबा धापा टाकत म्हणाले. "तो इथून जाईपर्यंत ज्योत येणार नाही!"

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं आणि ओढणी हलवली. धडधड थांबली. थोड्या वेळाने चिमणीवर ज्वाला उठली. बाबा तेव्हा पाणी पीत होते. घाईने घोट गिळून त्यांनी हात उंचावले.

"पाहा! शंकेखोर गेला!"

"गेला कुठे?" सासूबाई कडाडल्या. "ही काय, माझी सून माझ्या शेजारीच उभी आहे! आणि आता तर आम्ही दोघी आहोत. चल गं, औषधाचं दुकान बंद व्हायच्या आत."