मुकं कडवं

शांती चक्रनारायण रोह्याच्या एका केमिकल कंपनीत स्टेनो होती, आणि त्या कंपनीत इंटरनेट म्हणजे एक्स्पोर्ट खात्यातला एकुलता एक कॉम्प्युटर. आधी तो किंचाळायचा, मग खरखरायचा, आणि मनात आलं तर लागायचा. जेवणाच्या सुट्टीत साहेब घरी गेले की शांती डबा बाजूला सारून त्याच्यासमोर बसायची.

परदेशी गेलेल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी ईमेलवर एक मंडळ काढलं होतं. अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात तिथं एकच धामधूम होती: आपलं आवडतं नाताळगीत लिहून पाठवा. टोरांटोपासून नैरोबीपर्यंतची माणसं इंग्रजी अक्षरांत मराठी गीतं लिहीत होती, आणि चालीवरून भांडतही होती, कारण माणूस कितीही लांब गेला तरी ती खोड काही जात नाही.

शांतीनंही पेणचं गीत पाठवलं. पण हौस म्हणून नाही. तिला आपला भाऊ नाथानेल, म्हणजे नाथा, जिवंत आहे की नाही एवढंच जाणून घ्यायचं होतं. जगात कुठंही असला तर हे गीत वाचून तो ओळखील आणि दोन ओळी लिहील, अशी तिला वेडी आशा होती.

ते गीत तिच्या बाबांनी रचलेलं. बाबा पेणच्या लहानशा मंडळीचे उपदेशक. ख्रिस्ती घरं सगळी मिळून सात. मूल जन्मलं की बाबा त्याच्या नावाचं एक कडवं करायचे, आणि नाताळच्या फेरीत दारोदार त्या त्या घरातल्या माणसांची कडवी म्हटली जायची. माणूस वारला, की बाबा वहीतल्या त्याच्या कडव्यावर कागदाची पट्टी चिकटवून वर ठिपक्यांची ओळ काढायचे. मग फेरीत तिथं कुणी गायचं नाही. पेटी तेवढी एकटी वाजायची, आणि सगळे माना खाली घालून ऐकायचे. त्याला मुकं कडवं म्हणायचे.

नाथाच्या बाबतीत मात्र बाबांनी आक्रीत केलं. त्यांना मुलाला उपदेशक करायचं होतं, आणि नाथाला जग बघायचं होतं. शहात्तरच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी फेरी दारात उभी, ढोलकी वाजवायला नाथा हवा, तर तो कुणालाही न सांगता मस्कतच्या वाटेला लागलेला. बाबांनी तासभर वाट पाहिली. मग पेटीवर बसले आणि जित्याजागत्या पोराचं कडवं मुकं वाजवलं. पुढं त्याची तीन पत्रं आली. तिन्ही न फोडता परत गेली, आणि चौथं कधी आलं नाही.

बावीस वर्षं ते कडवं असंच मुकं वाजत होतं. आई, बायजाबाई, दरवर्षी त्या वेळी घरात जाऊन उभी राहायची. शांतीला तर वाटायचं, दारात जमलेल्या माणसांत एक जास्त आहे, आणि तो आपलं नाव येईल म्हणून ताटकळतोय. ती मोजायचीसुद्धा. माणसं बरोबर तेवढीच भरत, तरी तिच्या पाठीवरचा काटा जात नसे.

बाबा फेब्रुवारीत वारले. वही शांतीकडे आली, आणि फेरीतली पेटीही. त्याच वहीतून तिनं गीत टाइप केलं, जसं होतं तसं, कडव्यांच्या जागी कडवी, ठिपक्यांच्या जागी ठिपके. स्टेनोचा हात, समोर असेल तेच उतरवणार.

तेवीस तारखेला मंडळात एका पत्राचा विषय दिसला: ‘पेणचे नाथाकाका’. ते उघडायच्या आतच लाइन तुटली ती पुन्हा लागलीच नाही. घरी गेल्या गेल्या तिनं आईला सांगितलं, आणि म्हातारी देवळातल्या घंटेसारखी नुसती बोलत सुटली.

"मी म्हणलं नव्हतं? हाय माझा पोर, हाय!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पत्र उघडलं. मस्कतच्या एका हॉस्पिटलातल्या रेचल सातपुते नावाच्या नर्सनं ते लिहिलं होतं.

‘ताई, आमच्या वॉर्डात पेणचे नाथाकाका होते. म्हणून तुमचं गीत मी छापून त्यांना नेऊन दिलं. त्यांनी तीनदा वाचलं. चक्रनारायणांच्या घराशी आले की ठिपक्यांवर बोट ठेवून थांबायचे. म्हणाले, हे माझं. मग म्हणाले, मला वाटलं होतं, बाबा गेले असतील तर शांती तरी पट्टी काढील. मी विचारलं, ताईंना काही कळवू का? तर हसले. म्हणाले, मुक्या कडव्यानं उत्तर द्यायचं नसतं. अठरा तारखेला पहाटे ते गेले. त्यांनी नको म्हटलं होतं, पण मला राहवलं नाही.’

शांतीनं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाबांनी मारलं ते एकदाच, आणि तेही वहीत. आपण मात्र सातासमुद्रापार जाऊन, तो आजारी असताना, त्याला गाठून सांगितलं की तू आमच्यात नाहीस. हाक मारायला गेलो आणि तोंडावर दार लावून आलो. ती हुंदके देऊन रडली, तोंडात पदर कोंबून, कारण साहेब यायची वेळ झाली होती.

परतीच्या गाडीत निडी गेलं, कासू गेलं, आईला कसं सांगायचं ते काही सुचलं नाही. गाडीला उशीर झाला होता. पेणला पोचली तेव्हा दिवेलागण होऊन फेरी त्यांच्याच दारात येऊन थांबली होती. आई जरीकाठी लुगडं नेसून पायरीवर उभी.

"आय, आत चल, बोलायचंय."

"मागनं बोल गो. पेटी तुझीच हाय, माणसं खोळंबली."

शांती पेटीवर बसली. वही उघडली. नाथाच्या कडव्यावरची पट्टी कुणीतरी पाण्यानं भिजवून सोलून काढली होती. खाली बाबांचं अक्षर, बावीस वर्षांचं झाकलेलं, जरा फिसकटलेलं, पण लख्ख वाचता येणारं.

"बायजाबाईंनी सकाळीच सगळ्यांच्या घरी जाऊन सांगितलं," फेरीचे म्होरके जगन मास्तर म्हणाले. "नाथाचं पत्र आलंय म्हणून. आज कडवं म्हणायचं, शांते. मोठ्यानं."

ती काही बोलायच्या आत ढोलकीवर थाप पडली. बाबांचं कडवं मुकं गेलं. आणि मग सात घरांची माणसं एका सुरात गाऊ लागली:

बायजाच्या दारी नाथा गो उभा,
डोईवर त्याच्या तारा गो नवा.

जिवंत होता तोवर पेटीनं एकटीनं वाजवलेलं ते कडवं, तो गेल्यावर सहाव्या दिवशी माणसं घसा फोडून गात होती. शांतीची बोटं आपोआप चालत होती. तिनं आज मोजलं नाही. मोजायचं धैर्यच नव्हतं. आई यंदा घरात गेली नव्हती. पायरीवर टाळ्या वाजवत, डोळे पुसत, सगळ्यांच्या पुढं गात होती.

गाणं संपल्यावर ती शांतीजवळ येऊन वाकली.

"ऐकू गेलं असंल गो त्याला?"

"व्हय, आय."

"काय लिवलंय त्यानं?"

शांतीनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. बावीस वर्षांत ते तोंड असं कधी दिसलं नव्हतं.

"गीत वाचलं म्हणतो. तीनदा वाचलं."

"मग आता मी हाय तोवर दर साली म्हणायचं," आई म्हणाली. "परत मुकं करायचं नाय."

"नाय करायचं," शांती म्हणाली, आणि पेटी उचलून सगळ्यांच्या मागून पुढच्या दाराकडे निघाली.